शौकतभाईंची हिरवी पानं

शौकतभाई मुकादमांना शाबासकीची भारी हौस. न्हावा शेवा बंदरात क्लिअरिंग एजंट म्हणून सगळा जन्म गेला, पण तिथे कौतुक कोण करतो? माल अडकला की शिव्या, सुटला की ओळख नाही. म्हणून रिटायर झाल्यावर भिंतीवरच्या एका डबीने त्यांची पाठ थोपटायला सुरुवात केली, तेव्हा हा माणूस अगदी विरघळून गेला.

डबी दोहाला राहणाऱ्या लेकीने, सिदराने, मागवून बसवून घेतली होती. डबीचं काम एसी सांभाळायचं. फोनमध्ये ॲप, ॲपमध्ये घराचं चित्र, आणि वीज वाचली की घराशेजारच्या झाडाला एक हिरवं पान फुटायचं. शौकतभाईंचं झाड नुसतं डवरलं होतं. सीवूड्सच्या त्यांच्या सोसायटीत ते झाड न बघितलेला माणूस शोधून सापडला नसता. वॉचमनलासुद्धा त्यांनी सोडलं नव्हतं. घरी आले की पलंगाशी बसून बायकोला दाखवायचे, "आरिफा, बघ, आज आणखी एक."

आरिफा बघायची आणि भिंतीकडे तोंड फिरवायची.

लकव्याने तिची उजवी बाजू गेली होती. बोलणं शाबूत, डावा हात शाबूत, बाकी सगळा पलंग. उकाडा तिला सोसत नसे. खोली तापली की अंगात होतं नव्हतं तेही त्राण जायचं. डॉक्टरांनी खोली थंड ठेवायला बजावलं, म्हणून तर डबी आली. आणि डबी आली तशी ही बाई नवऱ्याशी बोलेनाशी झाली. मे लागला आणि एके दिवशी तिने सांगूनच टाकलं, "मला म्हसळ्याला भाईजानकडे पोचवा. आता तिथेच राहीन."

शौकतभाईंच्या पायाखालची जमीन सरकली. काय चुकलं विचारलं, तर "काय नाय." पुन्हा विचारलं, तर डोळे मिटून घेतले. तिचा स्वभाव त्यांना ठाऊक होता. एकदा गेली की ती परत यायची नाही. भाईजान, तिचे थोरले भाऊ, रविवारी गाडी पाठवणार होते.

अशात डबीच्या कंपनीतून फोन आला. तुमच्याएवढी पानं नवी मुंबईत कोणालाच नाहीत, जाहिरातीसाठी तुमचा फोटो काढायचाय, त्याआधी आमची डिझायनर येऊन घर बघून जाईल. एरवी शौकतभाईंनी पेढे वाटले असते. आता नुसते बरं म्हणाले.

बुधवारी दुपारी डिझायनर आली. संघप्रिया तिचं नाव, पाठीवर सॅक, आईवडील परभणीकडचे, स्वतः ऐरोलीत वाढलेली. शौकतभाईंनी आपण वीज कशी वाचवतो याचं भाषण तयार ठेवलं होतं, तर या पोरीने एक प्रश्न विचारला नाही.

"चाचा, तुमी तुमचं रोजचं करा," ती म्हणाली. "मी नुसती बसते. आमचं काम असंच असतं."

हे कसलं काम बुवा, शौकतभाईंच्या मनात आलं. थोडे खट्टूही झाले. पण असरची वेळ झाली होती. टोपी घातली, फोन खिशात टाकला आणि ते नमाजला निघाले. संघप्रिया आरिफाजवळ खुर्ची ओढून बसली.

परत येऊन बघतात तर खिडकी सताड उघडी, संघप्रियाचा कुर्ता घामाने पाठीला चिकटलेला, आणि ती हातातल्या फायलीने आरिफाला वारा घालतेय. वर पंखा गरगरत होता. आणि एसी चालू.

"एसी चालू असताना खिडकी कशाला उघडलीत?" शौकतभाईंनी विचारलं. काय करणार, सवयच तशी.

आरिफा कडवट हसली. संघप्रियाने एसीकडे बघितलं, मग त्यांच्या खिशाकडे.

"चाचा, तुमचा फोन जरा द्याल? मी खाली जाऊन येते. तुमी इथे चाचींजवळ बसा. कशालाच हात लावू नका."

"कशाला?"

"बसा तर खरं."

ती खिडकी लावून फोन घेऊन गेली. नवराबायको बसून राहिले. शौकतभाईंचे दोन्ही हात मांडीवर होते. थोडा वेळ गेला, आणि एसी टिंग करून बंद पडला.

"आता हे कोणी बंद केलं?" शौकतभाई म्हणाले.

आरिफा त्यांच्या हातांकडे टक लावून बघत होती. "तुमी नाय केलं?"

"मी कसं करणार? तुझ्यासमोर तर बसलोय."

"मग रोज कोण करतो?"

"रोज?"

आणि मग इतक्या महिन्यांचं साठलेलं बाहेर आलं. ते नमाजला गेले की एसी बंद. बाजारात गेले की बंद. बँकेत गेले की बंद. खिडक्या लावलेल्या, रिमोट कपाटात, आणि आरिफा पलंगावर घामाने निथळत पडलेली. ते सोसायटीच्या गेटमधून आत शिरले की एसी आपोआप सुरू, त्यामुळे दार उघडलं की शौकतभाईंना एसी नेहमी चालूच दिसायचा. गेटपाशी जरा गप्पा मारल्या की तोवर खोली गारही व्हायची.

"मला वाटलं, माझ्या एकटीसाठी वीज कशाला जाळायची म्हणून जाताना बंद करता," आरिफा म्हणाली. "आणि स्वतःला गार पायजे म्हणून खालूनच चालू करता. वर येऊन मला पान दाखवता."

शौकतभाईंच्या काळजाला घरं पडली. "तू माझ्याबद्दल असं धरून बसलीस? एकदा विचारायचं तरी."

"काय विचारायचं? जन्मभर सगळ्यांच्या मागे दिवे घालवत फिरलात. पाहुणा खुर्चीतून उठला की पंखा बंद. माझी नणंद पाणी प्यायला गेली तर तिच्यामागे बंद. मग मला एकटीला सोडून जाताना एसी बंद केलात, यात मला नवल का वाटावं?"

यातला शब्दन्‌शब्द खरा होता. त्यांनी तिचा डावा हात धरला आणि ते रडले. कस्टमच्या साहेबांसमोर कधी आवाज कापरा न झालेला माणूस, पण रडला.

एसी पुन्हा सुरू झाला. पाठोपाठ संघप्रिया दारात आली. शौकतभाई तिच्यावर उखडले. "तुमच्या डबीने माझं घर मोडलं असतं."

"हो," ती म्हणाली. "फोन बाहेर गेला की घर रिकामं झालं, असं डबीला आमीच शिकवलंय. फोन नसलेलं माणूस मागे राहत असेल, हे आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नाही. चाची, चूक आमची आहे. माफ करा."

शौकतभाई बघतच राहिले. बंदरावर चूक या टेबलावरून त्या टेबलावर कशी ढकलतात ते त्यांनी उभं आयुष्य बघितलं होतं. तुमी सेटिंग बघायला पाहिजे होतं, असंही ही म्हणू शकली असती, आणि ते गप्प बसले असते. एसीच्या गारव्यात बसून कंपनीतल्या कोणाला जे समजलं नाही, ते हिने आरिफाशेजारी घाम गाळून समजून घेतलं होतं. वा रे पोरी, ते मनाशी म्हणाले, आणि मघाशी खट्टू झाल्याची त्यांना लाज वाटली.

तिने फोनवरचं ते सेटिंग तिथल्या तिथे बंद केलं. फोटो रद्द. पानांचं झाड सगळ्यांच्याच ॲपमधून काढून टाकायला ऑफिसात भांडते, असंही म्हणाली. पण म्हसळ्याचं शौकतभाईंनी विचारलं, तेव्हा आरिफा एवढंच म्हणाली, "बघू."

शुक्रवारी संघप्रिया एक गोल बटण घेऊन आली, पलंगाच्या कडेला बसवायचं. शौकतभाई शिकवायला पुढे सरसावले, तर तिने त्यांना खुर्ची दाखवली. "चाचा, तुमी नाही." बटण आरिफाच्या हातात. डाव्या हाताने ते निसटायचं. आरिफा म्हणाली, आकडे बारीक आहेत, दर वेळी चष्मा कुठे शोधू? संघप्रियाने वाद घातला नाही. बटण घेऊन रबाळ्याला ऑफिसात गेली आणि शनिवारी परत आली. आता कडेला खरबरीत रबर होतं आणि आकडे गायब. एका बाजूला फिरवलं की गार, दुसऱ्या बाजूला कमी, दाबलं की चालू नाहीतर बंद.

"आणि पलंगावरून जे ठरेल ते शेवटचं," ती म्हणाली. "फोनने ते बदलता येणार नाही."

"सिदराने दोहाहून बदललं तर?"

"तिलाही नाही."

आरिफाने पहिल्यांदा त्या मुलीच्या गालावरून हात फिरवला.

रविवारी शौकतभाई नाइलाजाने जोहरच्या नमाजला गेले. जीव सगळा घरात. भाईजानची गाडी तासाभरात म्हसळ्याहून निघणार होती. परत येऊन दार उघडलं, तर खोली कोमट आणि एसी बंद. संघप्रियाला लावायला त्यांनी लगेच खिशातून फोन काढला.

"थांबा," आरिफा म्हणाली. "मी बंद केलाय."

"का?"

"मला गार वाटायला लागलं."

ती उशीला टेकून बसली होती, मान ताठ. तिचा असा आवाज शौकतभाईंनी आजारपणानंतर ऐकला नव्हता. मग जन्मात कधी विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं.

"चालू करू?"

"मला वाटलं तर मी करीन," ती म्हणाली. "तुमी भाईजानला फोन लावा. गाडी पाठवू नको म्हणावं."