तळ्यात पडलेला झारा

शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी संपली आणि केर्टूला घर खायला उठलं. ख्रिसमस सरल्यावर तिने जाहीर केलं, की यंदा गोठलेल्या तळ्याच्या बर्फात भोक पाडून मासे धरायचे. साठ वर्षं तळ्याकाठी राहून तिने कधी गळ हातात धरला नव्हता.

तिचा धाकटा दीर उर्हो हसला. "वहिनी, हे रिकाम्या हाताने होत नाही. मोटरचं गिरमिट लागतं, तंबू लागतो, पाण्याखाली बघायचा कॅमेरा लागतो. माझ्याकडे बघा."

"तुमच्याकडे बघूनच ठरवलंय भावजी, यातलं काहीएक घ्यायचं नाही."

मी तिची शेजारीण. माझ्या वडिलांचं हाताने फिरवायचं गिरमिट गोठ्यात गंजत पडलं होतं. आम्ही दोघींनी त्याची पाती घासूनपुसून लखलखीत केली. बसायला रंगाची रिकामी बादली, तिच्या झाकणावर जुनी उशी. लाकडी उलथण्याला दोरा गुंडाळला, झाली गळाची काठी. भोकातला बर्फाचा चुरा काढायला केर्टूने स्वयंपाकातला स्टीलचा झारा घेतला. विकत आणला तो फक्त दोरा, दोन गळ आणि डबीभर अळ्या.

मार्चमधली सकाळ होती. ऊन डोळ्यांत खुपत होतं आणि बर्फ हातभर जाड होता. आम्ही आळीपाळीने गिरमिट फिरवलं. थंडीतही घामाघूम झालो तेव्हा कुठे पाणी वर आलं.

"आलं गं, आलं!" म्हणत केर्टू झाऱ्याने चुरा उपसायला लागली. तिचे लोकरी हातमोजे ओले झाले होते. झारा सटकला आणि डुबुक!

पलीकडच्या तंबूतून उर्होने डोकं बाहेर काढलं. "काय झालं?"

"झारा गेला," मी म्हणाले.

तो इतका हसला, की त्याची टोपी पडली. मग कॅमेरा घेऊनच आला. "चला, अंत्यदर्शन तरी घेऊ."

केर्टूचं तोंड एवढंसं झालं होतं. लग्नातला झारा होता तो.

उर्होने कॅमेरा भोकातून खाली सोडला. पडद्यावर आधी नुसता हिरवा अंधार दिसला. मग तळाशी झारा चमकला आणि उर्होचं हसू तोंडातच राहिलं. झाऱ्याभोवती पट्टेरी मासे जमले होते. एकेक जण पुढे येऊन त्याला तोंड लावून बघत होता.

"वहिनी," तो कुजबुजला, "गळ सोडा. हळू."

केर्टूने उलथण्यावरचा दोरा सोडला. ती बादलीवर टेकते न टेकते तोच दोऱ्याला हिसका बसला. पहिला मासा बर्फावर उडाला तेव्हा ती एवढ्या जोरात ओरडली, की किनाऱ्यावरची कुत्री भुंकायला लागली. मग दुसरा, मग तिसरा. तासाभरात बर्फावर लाल परांच्या माशांचा ढीग पडला. उर्होच्या तंबूत सकाळपासून एकही लागला नव्हता.

तो घुटमळत म्हणाला, "वहिनी, घरी आणखी एखादा झारा असेल का हो?"

"कढई आहे. चालेल?"

दुपारी त्याच्याच स्टोव्हवर लोण्यात मासे तळले. त्याने सगळं आणलं होतं, फक्त मीठ विसरला होता. तसेच अळणी खाल्ले, बोटं भाजत, काळ्या पावासोबत. केर्टूने शेवटचा काटा चोखला आणि विचारलं, "उद्या किती वाजता निघायचं, भावजी?"