मामाने जोडून दिलेली पेडलं

लेक झोपली की ती पेडल स्टील गिटारपुढे बसायची. स्पीकर बंद, दार लोटलेलं, डाव्या हातात पोलादी कांडी. टेबलावर मांडाव्यात तशा आडव्या तारा आणि खाली तीन पेडलं. डावं आणि मधलं एकदम दाबायचं, मग घोटा जरासा कलता करून डावं हळूच सोडायचं. तेवढ्यानेच एक सूर घरंगळत खाली यायचा.

हे सगळं मामाचं देणं. तिच्या आईने शेवटच्या आजारपणात भावाकडे एवढंच मागितलं होतं, "पोरीला तुझं वाजवणं दे." मामाने आपली जुनी गिटार भाचीच्या घरी आणली, फरशीवर उताणा पडून पेडलांच्या सळ्या स्वतः जोडल्या आणि शिकवायला बसला.

"सूर जुळवायच्या यंत्राची सुई काय म्हणते ते सोड. ही तार केसभर उतरलेलीच गोड लागते. आणि तळहात टेकव. वाजलेला सूर गप्प करता आला पाहिजे, नाहीतर सगळे एकदम बोलतात, तुझ्या सासरच्यांसारखे."

मामाचा गुडघा कामातून गेला तेव्हा नाचाच्या हॉलमधल्या बँडमधली त्याची जागा रिकामी होणार होती. ती जागा तिला हवी होती. जीव टाकावा इतकी हवी होती. बँडमास्तर ऐकायला तयार झाला. ती आपली गिटार पेटीत भरायला लागली, तर मामा ओरडलाच.

"वेडी का तू? कडेवर पोर आणि हातात लोखंड? माझी आहे ना तिथे. तिच्यावरच वाजव."

तिला भरून आलं. आपली इतकी काळजी आता दुसरं कोण करतं?

दुपारी हॉलमध्ये खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकलेल्या होत्या. मामाचा जावईही आला होता. तोही जागेसाठी वाजवणार, हे तिला तिथेच कळलं. मामाने तिच्या लेकीला कडेवर घेतलं. "जा, वाजव बिनधास्त."

सुरुवात छान झाली. मग तिने पेडलं दाबली आणि भलतीच तार चढली. बँड एकीकडे, ती दुसरीकडे. आपण घाबरलो असू, असं वाटून तिने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. बँडमास्तरने हात वर केला.

"होतं असं, ताई. घरी वाजवणं वेगळं, इथलं वेगळं."

मग जावई बसला. ती बाजूला उभी राहून त्याचा पाय बघत होती. सूर तेच निघत होते, मामाचेच. फक्त घोटा उलट्या बाजूला कलत होता. तिने वाकून गिटारच्या पोटाखाली पाहिलं. मधलं पेडल तेवढं जागेवर. डाव्याची सळी उजव्याला, उजव्याची डाव्याला.

जावयाचं वाजवून झालं. बँडमास्तरने त्याच्या पाठीवर थाप मारली. ती मामाजवळ गेली.

"मामा, तुझी पेडलं उलटी आहेत."

"उलटी कसली? काही जण अशी जोडतात, काही तशी."

"मला तशी जोडून दिलीस. स्वतः अशी वाजवत राहिलास. आणि त्याला अशीच शिकवलीस."

मामा लेकीच्या पाठीवर थोपटत राहिला. ती त्याच्या खांद्यावर गाढ झोपली होती.

"तुझ्या आईला शब्द दिला होता मी. शिकवलं ना तुला? काही हातचं राखलं?"

"हातचं नाही. पायाचं राखलंस."

"माझ्या मुलीचं घर चालायला हवं गं. तुझा नवरा कमावतोय."

"मग मला नाही म्हणायचंस."

"तुला नाही म्हणणं जमलं नसतं मला," मामा म्हणाला. ते खरं होतं, हे तिला त्याच्या डोळ्यांत दिसलं. राग यायला हवा होता. आधी रडूच आलं.

लेकीने झोपेत त्याची कॉलर मुठीत धरली होती. तिने एकेक बोट सोडवून पोरीला आपल्याकडे घेतलं. लेक दचकून जागी झाली, मामाकडे हात पसरून तिने हॉल डोक्यावर घेतला. ती तिला घट्ट धरून दाराकडे चालायला लागली.

"अगं, टोपी राहिली तिची," मामाने मागून हाक मारली.

तिला ऐकू आलं. ती चालत राहिली.