माझ्यामुळे वहिनींची बोटं बदनाम झाली

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे, आणि आज जे सांगणार आहे ते तुमच्या नजरेला नजर देऊन सांगणं मला जमणार नाही. बरं झालं, मला कॅमेरा नाही. असता तर मी तो आधीच भिंतीकडे वळवला असता.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. त्याच दिवशी माझ्यासारखी आणखी नऊशे भावंडं जन्मली, त्यामुळे कौतुक फारसं कुणाच्याच वाट्याला आलं नाही. थर्मोकोलच्या कुशीत बसून मी एका छोट्या ऑफिसात आलो. खाली चष्म्याचं दुकान, वर आम्ही. नव्या वस्तूच्या खोक्यात एक माहितीपुस्तिका असते ना, जी तुम्ही न वाचता कपाटात टाकता, ती आमच्याकडे टाइप होते. पंपांची, पंख्यांची, इस्त्र्यांची. कुठलं यंत्र कसं सांभाळावं हे सगळं माझ्या पोटात होतं. तरी माझं जे झालं ते झालं.

सुरुवातीला माझा थाट होता. बटण दाबलं की मी हजर. मालक पाहुण्यांना चहा देण्याआधी मला दाखवायचे. मी फुगलो होतो, हे कबूल करतो.

मग वहिनी कामाला आल्या. या मालकांच्या थोरल्या वहिनी, पण ऑफिसात सगळेच त्यांना वहिनी म्हणायचे, फोनवरचे अनोळखी लोकसुद्धा. वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्या टायपिंग शिकल्या होत्या आणि त्यांच्या आयुष्यातली ही पहिली नोकरी. संध्याकाळी घरी कुणी विचारलं की आज काय केलं, तर त्या म्हणायच्या, "बावीस पानं." एवढंच. पण ते सांगता यावं म्हणून त्या दिवसभर ताठ बसायच्या.

आणि नेमका तेव्हाच मी हळू झालो.

एका दिवसात नाही झालो. मालक रोज जाताना माझ्या पडद्याचं बटण दाबायचे आणि "कॉम्प्युटर बंद केला" असं जाहीर करायचे. पडदा झोपायचा. मी जागाच. त्यात मालकांच्या बायकोने माझ्यावर धूळ बसू नये म्हणून लोकरीचा झगा विणला, निळा, गळ्याशी बटणं असलेला. माझ्या हवा खेळायच्या सगळ्या फटी त्याने झाकल्या गेल्या. धूळ मात्र खालून यायची ती येतच राहिली. मी आतून तापायचो, आणि तापलो की आमची जात हळू चालते. कुणी काही नवं बसवलं की तेही माझ्या डोक्यात राहायला यायचं. जायचं मात्र कुणीच नाही.

वहिनींनी अक्षर दाबलं की मी ते घ्यायचो, विचार करायचो, आणि वहिनींचा अर्धा चहा होईपर्यंत पडद्यावर आणायचो. बावीस पानांची चौदा झाली, चौदाची नऊ.

मित्रांनो, खापर कुणावर फुटलं ते सांगतो. माझ्यावर नाही. मी यंत्र होतो, आणि यंत्र हळू असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. बावन्न वर्षांच्या बाईची बोटं हळू असतील, हे मात्र सगळ्यांना लगेच पटलं. पॅकिंगवाले काका म्हणायचे, वहिनींचं पान येईपर्यंत पंप गंजेल. मालक चेष्टा करायचे नाहीत, ते घड्याळाकडे बघायचे. ते जास्त लागायचं.

सगळ्यात वाईट म्हणजे वहिनींनाही ते पटलं. त्या दुपारी जेवणानंतर टेबलावर बोटांचे व्यायाम करू लागल्या. कोमट पाण्यात हात बुडवून बसू लागल्या. शेवटी डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी त्यांची दहाही बोटं वाकवून पाहिली आणि काहीच सापडलं नाही, म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. दोन वर्षं त्या गोळ्या खात होत्या. माझ्या रोगाच्या गोळ्या. मी समोर बसून बघत होतो आणि पडद्यावर एक गोल चकती फिरवत होतो.

एकदा वहिनी पुन्हा डॉक्टरांकडे गेल्या असताना मालक स्वतः माझ्यासमोर येऊन बसले. ते कधी टाइप करत नसत, छापलेले कागद तेवढे तपासत. त्या दिवशी त्यांना वहिनींच्या नकळत एक जाहिरात लिहायची होती. त्यांनी 'चपळ'मधला च दाबला. काही झालं नाही. परत दाबला. थोड्या वेळाने पाच च आले.

मालकांनी आपल्या बोटाकडे पाहिलं. बोटावर फुंकर मारली. मग इकडेतिकडे बघून वहिनींचा ड्रॉवर उघडला, त्यातली एक कॅल्शियमची गोळी पाण्याबरोबर घेतली, आणि पुन्हा टाइप करायला बसले.

पॅकिंगवाले काका दारातून बघत होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "मालक, तुमचंही वय झालं की काय?"

मालकांनी माझ्या झग्यावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. चटका खरंच बसला होता.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाली ताई आली. वहिनीही होत्या. ताईने झगा उचलून विचारलं, हा कुणी विणला. मालकांनी बायकोचं नाव सांगितलं. ताई म्हणाली, सुंदर आहे, एखाद्या माणसाला घाला. मग तिने मला उघडलं. माझ्या पंख्यावर धुळीची एवढी जाड गादी होती, की मांजर असतं तर झोपलं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्यांसमोर असं उघडं पडणं कुणाला आवडेल?

तिने पंखा बोटाने अडवून धरला आणि धूळ उडवली. मला चालू करून तिने माझ्यातल्या जुन्या नोंदी तपासल्या, तर मी आदल्या दिवसापर्यंत सात महिने अकरा दिवस सलग जागा निघालो. मालक म्हणाले, छे, मी रोज बंद करतो. त्यांनी पडद्याचं बटण दाबूनही दाखवलं. ताईने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. पुढे कळलं की मला चालू केलं की माझ्या डोक्यात चौतीस कामं आपोआप सुरू होतात आणि चालूच राहतात. त्यातलं एक होतं एका जुन्या प्रिंटरला शोधणं. तो प्रिंटर तीन वर्षांपूर्वी भंगारात गेला होता. मी रोज त्याला हाका मारत होतो.

ताईने आधी सगळ्या फाइली दुसरीकडे जपून ठेवल्या. नको ती कामं बंद केली, साचलेला कचरा काढला, मला पूर्ण बंद करून परत उठवलं. मग एक पुस्तिका उघडून मोठ्याने वाचली. यंत्राच्या हवेच्या जागा झाकू नका, धूळ नियमित काढा, काम संपल्यावर बंद करा.

"हे कुणी लिहिलंय?"

"आम्हीच," मालक म्हणाले.

"एकशे साठ पुस्तिकांत आहे," वहिनी म्हणाल्या.

ताई पुढच्या फाइली विचारू लागली, कुठली ठेवायची, कुठली काढायची. "ही 'चपळ टायपिस्ट' नावाची आहे. कालचीच."

मालक घाईने म्हणाले, ती चुकून झाली. पण वहिनी वाचत होत्या. चपळ टायपिस्ट पाहिजे, वय पस्तिशीच्या आत, आणि पुढे अर्धं वाक्य. त्यांनी खुर्ची ओढली.

"भावजी, हे अपुरं राहिलंय. द्या, पुरं करते."

"वहिनी, राहू दे हो ते."

"नको. तुम्हाला लागेल."

आणि त्यांनी टाइप केलं. ऑफिसचा पत्ता, वेळ, सोबत काय आणायचं, सगळं. मी धावलो, मित्रांनो. आयुष्यात एवढा कधी धावलो नव्हतो. त्यांचं बोट उचलेपर्यंत अक्षर पडद्यावर होतं. चहा ओतायला लागतो त्याहूनही कमी वेळात जाहिरात पुरी झाली. वहिनींनी पडद्याकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे. मालक भिंतीकडे बघत होते.

"आता ठेवायची की काढायची?" ताईने विचारलं.

"काढा," मालक म्हणाले.

"तुम्हीच काढा, भावजी."

मालकांनी वाकून ती स्वतः काढली. "चुकलो, वहिनी," ते म्हणाले. त्यांचं तोंड माझ्याकडे होतं, म्हणून मला क्षणभर वाटलं की मीच बोललो.

वहिनी अजून इथेच आहेत. रोज जाताना मला नीट बंद करतात, शनिवारी नको त्या फाइली काढतात, सहा महिन्यांनी ताईला बोलावतात. मी वेगात आहे. पण एक ओळ झाली की त्या हात मांडीवर घेतात आणि थांबतात. ओळ केव्हाच आलेली असते. तरी थांबतात. दोन वर्षांची सवय त्यांच्या हातांत मी घातली, आणि ती काढायचं बटण ताईकडेही नाही.

म्हणून मित्रांनो, विनंती आहे. आम्हाला रोज झोपू द्या. आमच्या फटी मोकळ्या ठेवा, धूळ काढा, नको ते साठू देऊ नका. आणि कुणी हळू काम करताना दिसलं, तर त्याला काही बोलण्याआधी त्याच्यासमोरच्या यंत्रावर हात ठेवून बघा. गरम लागलं, तर त्या माणसाची माफी मागा. आम्हाला ती मागता येत नाही.