टाळी वाजेपर्यंत

दिग्रसच्या कॉलेजच्या एकांकिकेला पहिला नंबर मिळाला आणि इंद्रजीत सरांना उत्कृष्ट दिग्दर्शकाची ढाल. हे विसरून जा. असं काही झालंच नाही. जया राठोडनं तरी तसंच ठरवलंय, आणि गोष्ट तिची आहे.

मागच्या वर्षी नाटक भगवानरावांनी बसवलं होतं. लायब्ररीतले शिपाई, तरुणपणी गावोगाव दंडारीच्या खेळात नाचलेले. "काका, इथं रडू का?" असं विचारलं की म्हणायचे, "तुले रडू येते का? येत असंन तं रड. नाही तं पाणी पिऊन ये." नाटक शेवटून पहिलं आलं. पण परतीच्या एसटीत पोरं एवढी खुशीत होती की कंडक्टरनं तिकिटं बाजूला ठेवून अख्खं नाटक पुन्हा करायला लावलं.

प्राचार्यांना मात्र शेवटचा नंबर टोचला. म्हणून इंद्रजीत सर आले. पुण्यात सहा दिवसांचं शिबिर केलेले. पहिल्याच तालमीत म्हणाले, "तुम्ही माती, मी कुंभार. मातीनं बोलायचं नसतं."

"पण सर, नाटकात बोलाच लागते ना," ऋतिक म्हणाला.

ऋतिकला त्याच दिवशी झाड करण्यात आलं.

सरांची पद्धत सोपी होती. ते बोलून दाखवणार, पोरांनी तस्संच बोलायचं. पहिल्या आठवड्यात सरांना सर्दी होती. सरांची सर्दी गेली, पण नाटकातली राहिली. सरपंच झालेला बादल भाषणात दोनदा खोकायचा. "सर, हे खोकणं काढू का?" त्यानं एकदा विचारलं.

"मी काढ म्हणालो?"

नव्हते म्हणाले. खोकला राहिला.

नाटकात एका गावाची एसटी बंद होते आणि गाव फाट्यावर वाट पाहत बसतं. शेवटी सगळ्यांनी पुतळ्यासारखं थिजायचं, विंगेतून सर टाळी वाजवणार, मग जयानं तिचं एकुलतं एक वाक्य म्हणायचं: "गाडी येणार नाही. चला घरी."

जयाच्या तांड्याची एसटी खरोखरच बंद झालेली. हे वाक्य लोक कसं म्हणतात ते तिनं कानानं ऐकलेलं.

"सर, आमच्या तांड्यावर असं कोणी नाही बोलत."

"तुझ्या तांड्याचं इथं काय काम? आणि टाळीच्या आधी पापणी जरी हलली, तरी टीमच्या बाहेर."

जया आपल्या जागेवर जाऊन थिजली. कापूस वेचणीचा एक दिवस मोडून तिची याडी, बिजलीबाई, पहिल्यांदाच लेकीला स्टेजवर पाहायला यवतमाळला येणार होती. एक वाक्य तर एक वाक्य. ते आईच्या कानावर पडायला हवं होतं.

युवक महोत्सवात नाटक झालं, खोकून झालं, गाव थिजलं. सरांनी टाळीसाठी हात उचलले आणि बाहेर कोणीतरी ओरडलं, "पाहुण्यांची गाडी आली!" सर विंगेतला हार उचलून पळाले.

टाळी सरांसोबत गेली.

एक मिनिट झालं. तीन झाली. परीक्षकांनी मान डोलवत लिहायला घेतलं. बादलच्या नाकावर माशी बसली, फिरली, पुन्हा बसली. सातव्या मिनिटाला झाडाला घाम फुटला. ऋतिकचे वर धरलेले हात लटलट कापत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. जयाची कानशिलं तापली. मणामणाची पोती पाठीवर घेणारी ही पोरं, आणि बाहेर एक माणूस पाहुण्यांना हार घालतोय म्हणून यांना हात खाली घेता येत नाही! सगळ्यांत जास्त चीड तिला स्वतःची आली. तीसुद्धा उभीच होती.

अकराव्या मिनिटाला तिसऱ्या रांगेतून बिजलीबाईचा आवाज आला, "जये, काहून उभी राह्यली वं? चक्कर आली का?"

जया फुटली. "गाडी नाही येत आता! चाला घरी! कोणाची वाट पाहून राह्यले रे?"

झाडानं हात खाली घेतले. सगळं गाव उठून निघून गेलं. टाळ्या थांबेनात.

अकरा मिनिटांची धाडसी शांतता आणि मातीतल्या भाषेचा उद्रेक, असं परीक्षक म्हणाले. हार घालून परतलेले सर माईकवर म्हणाले, "पोरांना इतका वेळ धरून ठेवणं सोपं नसतं. आणि ते शेवटचं वाक्य मी मुद्दाम बोलीत बसवलं."

खाली उतरल्यावर जयाला म्हणाले, "टाळीविना बोललीस. पुढच्या फेरीत तू नाहीस."

"सर, वाक्य तं माह्यं होतं!"

"वाक्य नाटकाचं. नाटक माझं."

दुसऱ्या दिवसापासून ते वाक्य टीममधल्या संगीताला शिकवणं सुरू झालं, जयाच्या रागासकट. सर चिडून दाखवायचे, संगीता तस्सं चिडायची. जया प्राचार्यांकडे गेली. ते म्हणाले, "मालकीचे विषय आमच्याकडे येत नाहीत." ते जिथं येतात, तिथं जयानं अर्ज दिला:

प्रति, मा. तहसीलदार साहेब. विषय: वाक्याचा फेरफार घेणेबाबत. महोदय, मी खाली सही करणार जया राठोड अर्ज करते की, यवतमाळ मुक्कामी माझ्या तोंडून निघालेले वाक्य सध्या इंद्रजीत सरांच्या बेकायदेशीर कब्जात आहे. चतुःसीमा: पूर्वेस अकरा मिनिटे शांतता, पश्चिमेस टाळ्या, उत्तरेस रडणारे झाड, दक्षिणेस माझी आई. तरी तलाठ्यामार्फत जागेवर पंचनामा करून, सदर वाक्य त्यातील रागासह माझ्या नावे सातबाऱ्यावर चढवावे व तसा उतारा पुढील फेरीपूर्वी मिळावा, ही नम्र विनंती.