अर्वोने बसवलेलं इंजिन

व्हर्ना कालिओचा संताप अख्ख्या गावाला पाठ होता. आधी कान लाल व्हायचे, मग तोंड सुटायचं, आणि एकदा सुटलं की समोर पाद्री असो की पोलीस, बाईला काही फरक पडत नसे. पण या नोव्हेंबरात तिचा राग आतल्या आत खदखदत होता. कारण ज्याच्यावर तो काढायचा, तो तिचा सख्खा थोरला भाऊ रोज सकाळी तिच्याच व्हॅनमध्ये, तिच्याच शेजारच्या सीटवर येऊन बसत होता.

"तुला घरदार नाही का रे?" ती विचारायची.

"इंजिनाचा आवाज ऐकतोय," अर्वो म्हणायचा. "नवीन बसवलंय. कान द्यावा लागतो."

"कान दे नाहीतर जीव दे. माझा कॉफीचा थर्मास मात्र पायात घेऊ नकोस."

व्हर्नाचा धंदा भट्ट्यांचा. तळघरात बसून घर गरम ठेवणाऱ्या तेलाच्या भट्ट्या आणि बॉयलर ती दुरुस्त करायची. धंदा नवऱ्याबरोबर सुरू केला होता. पुढे नवरा सोडून गेला, धंदा तिने सोडला नाही. तिची ती लांबलचक पांढरी व्हॅन म्हणजे चालतं दुकान होतं: पाइप, पंप, बर्नर, मागे भिंतीला टांगलेली हत्यारं. ऑक्टोबरात त्या व्हॅनच्या पेट्रोल इंजिनाने राम म्हटला. मिशिगनच्या या वरच्या टोकाला सरोवराचा वारा सुटला की निम्मं वर्ष बर्फ. हिवाळ्यात कमवायचं आणि उन्हाळ्यात खायचं. व्हॅन गेली तर हिवाळा गेला, आणि हिवाळा गेला तर धंदाच गेला. एवढं सरळ होतं ते.

तेव्हा अर्वो छाती काढून पुढे आला. आयुष्यभर त्याने सरकारी खात्यात रस्त्यावरचा बर्फ ढकलणारे ट्रक चालवले होते, आणि निवृत्त झाल्यावर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये राज्य थाटलं होतं. त्याच्या शेडमागे पाव वाटणारी एक जुनी गाडी सडत पडली होती. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाने तिचा पत्रा चाळणीसारखा केला होता, पण आतलं डिझेल इंजिन ठणठणीत.

"पेट्रोल विसर आता," तो म्हणाला. "हे डिझेल तुझ्या व्हॅनमध्ये टाकतो. तू म्हातारी होशील, हे होणार नाही. दोन शनिवारांचं काम."

दोन शनिवारांचे सहा झाले. दर शनिवारी अर्वोचे मित्र यायचे: टो-ट्रकवाला ड्वेन, क्लिफर्ड, आणखी दोघं-तिघं. यायचे, बिअरचा डबा फोडायचे आणि बॉनेटवर ओणवे व्हायचे. त्या शेडचा कायदा एकच. ज्याची शेड त्याचं राज्य. बाकीच्यांनी पाना द्यायचा, अक्कल द्यायची नाही. व्हर्ना मांस-बटाट्याच्या गरम पॅस्टींचं ताट घेऊन दारात यायची आणि विचारायची, "झालं?" सगळे एका सुरात म्हणायचे, "होतंय." तिला वाटायचं, ते ताट एकेकाच्या डोक्यात घालावं.

काम मात्र जंगी होतं, नाही कशाला म्हणा. साखळीच्या पुलीला लटकवून ते इंजिन आत सोडायचं, खालची आडवी पट्टी कापून नवी वेल्ड करायची. डिझेल जड, म्हणून पुढच्या स्प्रिंगा बदलायच्या. इंजिन उंच, म्हणून दोन सीटांच्या मधलं त्याचं झाकण कापून वाढवायचं. सहाव्या शनिवारी अर्वोने किल्ली फिरवली. काळा धूर, दोन खोकले, आणि मग धडधडधड! व्हॅन अशी थरथरली की आरशात मागचं काही दिसेना. शेडमध्ये टाळ्या पडल्या. अर्वोच्या डोळ्यांत पाणी आलं, मेल्याच्या. आईच्या अंत्यविधीला आलं नव्हतं.

व्हर्ना आत चढली आणि शेडच्या दारापर्यंत व्हॅन नेऊन ब्रेक दाबला. थांबली, पण पेडल दगडासारखं लागलं.

"हे एवढं घट्ट का?"

"महिनाभर उभी होती ना," अर्वो म्हणाला. "त्यात पॅड नवीन आहेत. बसतील."

बाकीचे आपापल्या डब्यात बिअर किती उरली ते बघत होते. जाताना मात्र एकेक जण खिडकीशी येऊन म्हणाला, "सांभाळून चालव हं, व्हर्ना." ड्वेनने तर दोनदा म्हटलं. झालं! तिचे कान पेटले. तुम्ही दारू पिऊन खड्ड्यात जाता तेव्हा तुम्हाला कोण सांगतं रे सांभाळून चालवा? बाई दिसली की लगेच शिकवायला येतात!

आणि सोमवारपासून हे साहेब शेजारी. "वेग आताच कमी कर." "पुढच्या गाडीपासून लांब राहा." "त्या टेकडीने नको, तळ्याकाठच्या रस्त्याने जा." जड सामान असलं की म्हणे दोन खेपा करू. संध्याकाळी तिची पोटरी इतकी भरून यायची की सौनाच्या गरम खोलीत बसून चोळत राहावी लागे. "पेडल अजून घट्ट आहे," ती म्हणायची. "बसेल," तो म्हणायचा. त्याला बर्फाचे ट्रक चालवायला मिळत नाहीत म्हणून हा माझ्या जिवावर ड्रायव्हरकी करून घेतोय, अशी तिने आपली समजूत करून घेतली होती.

त्या बुधवारी ट्रेसिडरबाईंचा फोन आला. ऐंशी उलटलेली बाई, खाली बंदराशी एकटी राहायची. तिची भट्टी सकाळपासून बंद होती आणि बाहेर नळ गोठत होते. व्हर्नाच्या व्हॅनमध्ये मागे एक जुना बिडाचा बॉयलर भरलेला होता, जुन्या शाळेतून काढलेला, तुकड्या-तुकड्यांनी.

"आधी हा बॉयलर उतरवू," अर्वो म्हणाला.

"का?"

"इंजिनावर लोड येतो."

"सहा शनिवार ज्या इंजिनाचे पोवाडे गायलास, त्याला आता चार बिडाचे तुकडे जड झाले?"

"बरं, मग तळ्याकाठून तरी जा."

"तळ्याकाठून जाईपर्यंत म्हातारीची लाकडं होतील. मी टेकडीने जाणार. तुला उतरायचं तर उतर."

तो उतरला नाही. त्याने पट्टा ओढून घट्ट केला तेवढा.

खाणीच्या टेकडीचा उतार वरून दिसतो तसा नाही. पहिलं वळण भोळं, दुसऱ्यानंतर रस्ता सरळ खाली पडतो, आणि तळाला बंदराचा आडवा रस्ता, ज्यावरून लाकडाचे ट्रक भरधाव जातात. दुसऱ्या वळणाला व्हर्नाने ब्रेक दाबला. व्हॅनने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तिने जोराने दाबला, मग सीटवरून उठून दोन्ही पाय त्या पेडलवर रोवले आणि स्टिअरिंगला लटकून अख्खं वजन टाकलं. बॉयलरचे तुकडे मागून पुढे सरकून आदळले. वेग कमी होत होता, पण रस्ता त्याहून लवकर संपत होता.

"अर्वो!"

अर्वोने तिची हाक संपायच्या आत स्टिअरिंगमागची गिअरची दांडी खेचून खाली आणली होती. इंजिन किंचाळलं, व्हॅनने नाक खाली घातलं. "उजवीकडे! ढिगात घाल!" तो ओरडला. व्हर्नाने स्टिअरिंग फिरवलं आणि कडेला साठवलेल्या बर्फाच्या ढिगात व्हॅन बॉनेटपर्यंत घुसली. समोरून, हाताच्या अंतरावरून म्हणा ना, लाकडाने लादलेला एक ट्रक भोंगा वाजवत निघून गेला.

मग व्हर्नाने त्या गिअरच्या दांडीकडे पाहिलं. अर्वोची मूठ अजून तिथेच होती.

"तुझा हात आधीच इथे होता," ती हळू आवाजात म्हणाली. तिचा हळू आवाज कोणी कधी ऐकला नव्हता. "मी ओरडायच्या आधी. वळणाच्याही आधी."

अर्वोने दांडीवरची मूठ सोडली.

"तुला माहीत होतं."

"पंप मागवलाय," तो म्हणाला. "शुक्रवारी येतोय."

"कसला पंप?"

तेव्हा कुठे तो बोलला, तोंडातल्या तोंडात. पेट्रोल इंजिन हवा ओढतं, आणि त्या ओढीच्या जोरावर ब्रेकचं पेडल हलकं होतं. डिझेलला ती ओढच नसते. त्याला वेगळा व्हॅक्यूम पंप लावावा लागतो. पाववाल्या गाडीच्या ब्रेकची तऱ्हाच निराळी, म्हणून त्या इंजिनाबरोबर पंप आलाच नाही. अर्वोच्या ते ध्यानात आलं केव्हा, तर इंजिन सुरू होऊन टाळ्या पडल्यावर.

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"सगळे उभे होते गं. सहा शनिवार झाले होते. तू त्यातच ताट घेऊन..."

"म्हणून मला ब्रेक नसलेली गाडी दिलीस? अरे, कुत्र्याला तरी देतं का कोणी?"

"मी रोज बसत होतो ना शेजारी! तुला एकटीला कधी जाऊ दिलं का मी? नसती थांबली, तर मीही होतोच की आत."

व्हर्नाचे कान पेटले. "म्हणजे दोघंही मेलो असतो की तुझी चूक फिटली असती? मरायला तयार झालास, पण 'चुकलं' म्हणायला नाही? एक शब्द रे, मुडद्या! एका शब्दाने तुझं काय झिजलं असतं? आपल्या बापाने जन्मात म्हटला नाही, तू म्हणत नाहीस, कालिओंच्या जिभेला हाड आहे का तिथे? म्हण आता. माझं चुकलं, म्हण!"

"पंप शुक्रवारी..."

"पंपाचं नाव काढलंस तर त्या ढिगात पुरीन तुला."

तो म्हणाला नाही. खाली उतरला आणि ड्वेनला फोन लावला.

ड्वेन टो-ट्रक घेऊन आला, उतरला, बर्फात रुतलेली व्हॅन पाहिली आणि टोपी मागे सारली. "काय झालं रे?"

अर्वोने एकदा बहिणीकडे पाहिलं. ती हाताची घडी घालून उभी होती, आणि या वेळी तिने तोंड उघडलं नाही. अर्वोला ते शिव्यांपेक्षा जड गेलं.

"ब्रेक लागत नाहीत," तो म्हणाला, जमिनीकडे बघत. "पंप बसवलाच नव्हता मी. माहीत असून तिला सांगितलं नाही. माझं चुकलं."

आला एकदाचा शब्द! व्हर्नाच्या छातीवरचा दगड थोडा हलला. मोठ्याने रडावं असं तिला क्षणभर वाटलं.

"हां, ते कळलं होतं," ड्वेन म्हणाला आणि साखळी सोडवायला वाकला. "पेडल घट्ट आहे म्हणालीस तेव्हाच आलं आमच्या ध्यानात. क्लिफर्ड तर बाहेर पडताना म्हणालासुद्धा, पंप कुठाय म्हणून."

"काय?" व्हर्ना म्हणाली.

ड्वेन साखळी हातात घेऊन सरळ झाला. आपण काय बोललो ते आता त्याच्या लक्षात आलं. "म्हणजे... आम्हाला वाटलं, अर्वो सांगेल. शेड त्याची, काम त्याचं. दुसऱ्याच्या कामात कसं बोलायचं? आणि सांगितलं की आम्ही. सांभाळून चालव म्हणालो होतो. मी दोनदा म्हणालो."

"अरे, तुला कळलं होतं तर तिला नीट सांगायचं नाही का?" अर्वो त्याच्या अंगावर धावला. "माझी बहीण मेली असती ना!"

"तू एक शब्द बोलू नकोस!" व्हर्ना अशी ओरडली की टेकडीवरून आवाज परत आला. "आणि तूही नाही, ड्वेन. माझ्या ताटातलं खाल्लंत सगळ्यांनी. बोटं चाटून खाल्लंत. आणि एकालाही वाटलं नाही की हिच्या कानात सांगावं, बाई, तुझ्या गाडीला ब्रेक नाहीत? अर्वोचा मान राहिला म्हणजे झालं, नाही का? माझा जीव काय, शनिवारच्या बिअरबरोबर फुकट आलेला होता?"

तिने मागचं दार उघडलं आणि बर्नरच्या हत्यारांची पेटी ओढून काढली. ट्रेसिडरबाईंचं घर खाली दिसतच होतं. अर्वोने पुढे येऊन पेटीचा दुसरा कान धरला.

"सोड."

"जड आहे गं."

"सोड म्हटलं ना."

त्याने सोडली. ती पेटी घेऊन उतरू लागली. सारखा हात बदलावा लागत होता, बोटं थंडीने आखडली होती, पण तिने मागे वळून पाहिलं नाही.

ट्रेसिडरबाई दोन स्वेटर आणि वर घोंगडी पांघरून दारातच उभ्या होत्या. नाक लाल, ओठ निळे. "आलीस का गं बाई, देवासारखी आलीस," त्या म्हणाल्या, आणि तिच्या मागे रिकाम्या रस्त्याकडे पाहून त्यांनी विचारलं, "चालत का? तुझ्या भावाने त्या ब्रेकचा पंप अजून बसवला नाही वाटतं?"

व्हर्नाने पेटी पायरीवर ठेवली. शिव्या तर तोंडात आल्याच होत्या, पण कोणाकोणाला घालायच्या तेच तिला कळेना. मग तिने पेटी परत उचलली आणि तळघराचा जिना उतरू लागली.