उत्तर येतंय

आईने फोन उचलला नाही, तेव्हा मी ऑफिसातूनच तिच्या घरी पिंग मारला. पिंग म्हणजे लांबच्या यंत्राला घातलेली हाक. ते चालू असेल तर ओ देतं. आई एकटी राहते. तिच्या पलंगाशी मी एक डबी बसवून दिली आहे. पडलीबिडली तर गळ्यातलं बटण दाबायचं, की डबी नेटवरून माझा आणि दादाचा फोन वाजवते. डबीने ओ दिली. नेहमीसारखीच.

तरी जीव थाऱ्यावर नव्हता. पुन्हा फोन, पुन्हा पिंग. खुर्चीत बसवेना. शेवटी दादाला फोन लावला. तो तिच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतो.

"उत्तर येतंय ना? मग झालं तर! अंघोळीला गेली असेल. तुझं आपलं उगाच राईचा पर्वत."

"इतका वेळ कसली अंघोळ, दादा?"

"बरं, काल तिच्या टीव्हीला नेट जोडून दिलं. जोडला जातच नव्हता बेटा, सारखा कसलातरी पत्ता मागत होता. तुझ्या डबीवर चिकटवलेला आकडा घातला, तेव्हा कुठे ताळ्यावर आला."

तो आकडा डबीचाच नेटवरचा पत्ता होता! एका पत्त्यावर दोन बिऱ्हाडं झाली, की हाक एकाला आणि ओ दुसऱ्याची. डबीचा निरोप तर बाहेर पडतच नाही. आईच्या राउटरवरची, जोडलेल्या यंत्रांची यादी उघडली. त्या पत्त्यासमोर टीव्ही होता. सकाळपासून मी टीव्हीची खुशाली विचारत होते.

"दादा, किल्ली घे आणि धाव!"

"अगं पण..."

"धाव म्हणते ना!"

सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. साहेब मीटिंगला बोलवायला आले होते, ते आल्या पावली परत गेले. मी खिडकीपाशी जात होते, परत येत होते. स्क्रीनवर ओळीमागून ओळ उत्तरं येतच होती. टीव्हीच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि दादाच्या, आणि माझ्याही.

दादाचा फोन आला. "बाथरूममध्ये पडलीय. शुद्धीवर आहे, पाय हलत नाहीये. ॲम्ब्युलन्स बोलावलीय. घे, बोल."

"आई!"

"बटण दाबून दाबून अंगठा दुखला गं," ती म्हणाली. रागावली असती तर बरं वाटलं असतं. "मग म्हटलं, कामात असशील. म्हणून थांबवलं."