खांद्यावरचा हात

शुक्रवारी गारिफालिया सहसा गावातून रेथिम्नो शहरात उतरत नसे. उपवासाचा दिवस. सकाळी मारियामातेच्या तसबिरीपुढचा दिवा भरायचा, वात सारखी करायची, बार्लीचा कडक पाव पाण्यात भिजवून चार ऑलिव्हांबरोबर खायचा आणि दिवसभर कमी बोलायचं, असा तिचा नेम. पण लेकीला, रोदान्थीला, औषधांच्या दुकानातल्या कामातून सुटी मिळाली ती शुक्रवारीच. म्हणून काळा झगा, काळे मोजे, डोक्याला काळा रुमाल अशा नेहमीच्या वेशात ती बसमधून उतरली आणि तिच्या लग्नासाठी बघायच्या तिसऱ्या फोटोवाल्याच्या दुकानात तिच्या मागोमाग शिरली.

पहिले दोन तिनंच नापास केले होते. पहिला बोलताना सतत च्युइंगम चघळायचा, आणि लग्न लागताना वेदीच्या पडद्याआड जाऊन फोटो काढू का, असं विचारत होता. जिथं फक्त पाद्रीबाबांनी पाऊल टाकायचं, तिथं. दुसऱ्याच्या फोटोंत समुद्र, सूर्यास्त आणि नवरीची पाठ. बिचाऱ्या मुलींची तोंडं शोधावी लागत. फोटोवाला वधूपक्षानं ठरवायचा, असं दोन्ही घरांत बोलणं झालं होतं आणि रोदान्थीनं ते आईवर सोपवलं होतं. "तूच ठरव, पण ठरव," ती वैतागून म्हणाली होती. "ऑगस्टच्या पंधरा तारखेनंतरच्या रविवारी, आपल्याच दिवशी, अर्ध्या बेटाची लग्नं आहेत."

हा तिसरा मारिनोस. पांढराशुभ्र शर्ट, अंगठ्यात अंगठी, आणि अत्तर असं की दारातच जाणवावं.

"या काकू, बसा. कॉफी घ्याल ना? दुधाची?"

"शुक्रवार आहे."

"अरे हो. मग बिनदुधाची. आणि तिळाची चिक्की, ती उपवासाला चालते."

चालते, हे खरं. पण अशा अत्तरवाल्या माणसाला उपवासाचं इतकं बरोबर कसं माहीत, याचंच तिला नवल वाटलं. गोड बोलून घेतोय, तिनं मनात नोंदलं, आणि चिक्कीला हात लावला नाही.

त्यानं एक जाडजूड अल्बम तिच्या मांडीवर ठेवला. रोदान्थी म्हणाली, "आई, तू बघ सावकाश. मी जरा कागद भरून येते." आणि दोघं आतल्या खोलीत गेली. दार नीट लागलं नाही.

अल्बम ओळखीचा निघाला. गेल्या वर्षी गावात झालेलं लग्न, स्तामातिया मावशीच्या नातीचं. गारिफालिया स्वतः त्या लग्नाला होती, लग्नाचा पिलाफ-भात खाऊन नाच सुरू व्हायच्या आत उठली होती. फोटो चांगले होते, हे तिला कबूल करावं लागलं. वधूवरांच्या डोक्यावरचे मुकुट तीनदा अदलाबदल होताना त्यांना जोडणारी ताणलेली फीत, पाद्रीबाबांच्या दाढीवर उडालेला तांदूळ. नवरीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण पाणी दाखवायचं म्हणून काढलेला फोटो नव्हता तो.

मग ती एका पानावर थांबली. चर्चच्या अंगणात नवरी खुर्चीवर बसलेली, मागे बोगनवेल फुललेली. आणि नवरीच्या डाव्या खांद्यावर एक हात.

नुसता हात. मनगटाशी नवरीच्या डोक्यावरची जाळी आली होती, आणि जाळीच्या मागे जिथं माणूस उभं असायला हवं तिथं फक्त फुलं होती.

गारिफालियानं चष्मा पुसला. करंगळी वाकडी, भट्टीच्या दारात भाजल्यापासून कधी सरळ न झालेली. एकाच बोटात दोन अंगठ्या, एक स्वतःची, एक गेलेल्या नवऱ्याची. तशाच दोन तिच्याही बोटात होत्या. गेली आठ वर्षं दर शनिवारी ती याच हाताशेजारी बसून चर्चचा पाव मळत होती.

त्या दिवशी स्तामातिया मावशी तिथं उभी होती. गारिफालियानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती. काळ्या कपड्यातली म्हातारी फुलांनी झाकून टाकली, आणि हात पुसायचा राहून गेला.

त्याच वेळी आतून रोदान्थीचा आवाज आला, दबका.

"...काळे कपडे, तेच तर. आणि आईला यातलं काही कळू देऊ नका."

"शब्द दिला," मारिनोस म्हणाला.

गारिफालियानं अल्बम मिटला. मुलगी बाहेर आली तेव्हा ती चिक्कीकडे बघत बसली होती.

"कसे आहेत?"

"बरे आहेत."

"म्हणजे हो?"

"सोमवारपर्यंत सांगते."

मारिनोस हसला. "सोमवारी दुपारपर्यंत ठेवतो तारीख, काकू. तुमच्यासाठी."

परतीच्या बसमध्ये रोदान्थी चिडून खिडकीबाहेर बघत होती. गारिफालियाच्या डोळ्यांपुढे वेगळंच काही होतं. वसंतात लेकीनं तिच्यासाठी गडद निळा झगा आणला होता. "एका दिवसापुरता, आई. बाबांना वाईट नाही वाटायचं." तिनं तो घडी करून पेटीत ठेवला होता, वरती लव्हेंडरच्या काड्या. आठ वर्षांपूर्वी गेलेल्या नवऱ्याचं, कोस्तिसचं काळं ती मरेपर्यंत उतरवणार नव्हती. लेकीनंही परत विषय काढला नाही. आता कळलं का काढला नाही ते. झगा बदलायची गरजच काय? माणूसच काढून टाकता येतं.

एकुलत्या एका मुलीच्या लग्नात आई नाही. पुढं नातवंडं अल्बम उघडतील, विचारतील, आजी कुठाय? तेव्हा कोणी म्हणेल, ही बघ बोगनवेल.

शनिवारी चर्चमागच्या खोलीत दोघी पीठ मळायला बसल्या. मळताना बोलायचं नसतं, ओठांत प्रार्थना असते. गारिफालिया प्रार्थना म्हणत होती, पण डोळे त्या वाकड्या करंगळीवर जात होते. दोनदा शब्द चुकले. तिनं मनातल्या मनात क्षमा मागितली आणि तिसऱ्यांदा चुकली. शेवटी गोळ्यावर लाकडी शिक्का दाबून झाला, फडकं पांघरलं, तेव्हा तिनं हळूच विषय काढला.

"मावशी, तुझ्या नातीच्या लग्नाचे फोटो बघायचे राहिलेत माझे."

"आहेत कुठंतरी. मुलीकडं असतील."

"चांगले आलेत म्हणे."

"आले असतील. मला मेलीला दिसतंय कुठं."

"तू आहेस ना त्यांत?"

स्तामातियानं पिठाचे हात एप्रनमध्ये गुंडाळले. "या वयात काय फोटो गं. तुला आज काय झालंय? पाव फुगला का बघ जा."

पावाला आत्ताच झाकलं होतं. म्हातारीला माहीत आहे, गारिफालियानं ठरवलं. माहीत आहे, आणि लाजेनं बोलत नाही. घरच्यांनी हिला पुसून टाकली आणि ही अजून त्यांच्याचसाठी पाव मळतेय.

रविवारी प्रार्थनेनंतर रोदान्थी आणि तिचा होणारा नवरा सिफिस अंगणात हसत उभी होती. सिफिस चीज बनवणारा, साधा मुलगा. "आई," तो म्हणाला, "फोटोवाला ठरेना तर आमच्या बकऱ्यांना कॅमेरा देतो. त्या कुणाला नापास करायच्या नाहीत." सगळे हसले. रोदान्थी हसता हसता आईकडे बघून थांबली. त्या बघण्यातही गारिफालियाला काही तरी लपवलेलं दिसलं.

सोमवारी सकाळी लेक कामावर गेल्यावर तिनं दिवा लावला, रुमाल बांधला आणि एकटीच बस धरली. वाटेत तिला एक विचार आला, आणि तो तिला स्वतःलाच आवडला नाही. कोणी पुसण्यापेक्षा आपणच सांगावं, मला फोटोतून काढून टाका. फोटोवाला दिसला की खांबामागे सरकायची सवय आहेच, आठ वर्षांची. निदान मुलीच्या हातून तरी ते होणार नाही. बस शहरात शिरेपर्यंत ती तो विचार झटकत राहिली, आणि तो परत येत राहिला.

मारिनोसनं तिला एकटीला पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. हेही तिनं टिपलं.

"काकू, आज शुक्रवार नाही, दुधाची—"

"तो अल्बम द्या."

तिनं पान उघडून बोट ठेवलं. "हा हात कुणाचा?"

त्यानं पान उलटायला हात पुढे केला.

"मी सांगते कुणाचा. ही बाई कुठंय?"

"काकू, मी शब्द दिलाय."

"कुणाला? नातीला? का तिच्या सासूला? काळं नको म्हणाले ना?"

"तसं नाही."

"मग कसं आहे? पुसायचं तर नीट पुसायचं. हात कसा राहिला?"

"राहिला नाही," मारिनोस म्हणाला. "ठेवलाय."

गारिफालियाला वाटलं, खोटं बोलायलाही काही सीमा असते. ती उठली. तेव्हा त्यानं फोन उचलला. "थांबा. मी त्यांनाच विचारतो, सांगू का म्हणून." आणि फोन मेजावर असा ठेवला की दोघांना ऐकू यावं.

"स्तामातिया आजी? मारिनोस बोलतोय. समोर गारिफालियाकाकू बसल्यात. फोटोबद्दल विचारतायत."

पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता.

"सांगून टाक बाबा," म्हातारी म्हणाली. "परवापासून माझ्या हाताकडं बघतेय ती. पाव बिघडवला त्या नादात."

"मावशी, कुणी काढलं तुला?"

"कोण काढणार? मीच काढलं. पोरीनं ओढून उभं केलं मला मागं. मग फोटो बघितला. नवरीच्या खांद्यावर कावळा बसावा तशी मी. म्हटलं, काढ मला. हा दोनदा नाही म्हणाला. तिसऱ्यांदा मी रडले, तेव्हा ऐकलं."

"आणि हात?"

"काढायला बसला तेव्हा माझंच मन होईना. म्हटलं, हात राहू दे पोरीच्या खांद्यावर. हाताला कुठं काळं असतं?" तिनं नाक ओढलं. "नातीला वाटतं, याच्याच चुकीनं झालं. हा बिचारा बोलणी खातो तिची. तू कुणाला सांगू नको."

फोन बंद झाला. गारिफालिया खुर्चीत परत बसली. अल्बममधल्या त्या हाताकडे तिनं आता वेगळ्या नजरेनं बघितलं. घट्ट धरलेला होता तो खांदा.

पण संशय अर्धाच उतरला होता.

"माझ्या मुलीनं शुक्रवारी काय सांगितलं तुम्हाला? आत नेऊन?"

"तोही शब्दच आहे, काकू."

"किती बायकांचे शब्द पोटात घेऊन फिरता हो तुम्ही?"

"धंदाच तसा आहे." तो हसला नाही. "तुम्ही आज एकट्या आलात, तेव्हाच मला धास्ती वाटली. खरं सांगा, तुम्ही मला काही सांगायला आलात का? स्वतःबद्दल?"

बसमधला विचार तिला आठवला. ती खोटं बोलत नसे. म्हणून तिनं अल्बम मिटून मेजावर सरकवला.

मारिनोसनं खण उघडला, एक भरलेला कागद काढला आणि तो कॉफी आणायला आत गेला. कागद मेजावरच राहिला, तिच्या बाजूला तोंड करून. वर नावं, तारीख, चर्च. सगळ्यात खाली, 'विशेष सूचना' असं छापलं होतं तिथं, रोदान्थीचं बारीक अक्षर:

'आई काळे कपडे घालते. ती नंतर एकटी येईल आणि मला फोटोतून काढा म्हणेल. रडेलही. काढायचं नाही. कपड्यांचा रंगही बदलायचा नाही.'

गारिफालियानं ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून रुमालाच्या टोकानं डोळे टिपले. तीन दिवस ती लेकीच्या बघण्यात काय काय वाचत होती, आणि लेक मात्र आईला बसमधल्या त्या विचारासकट ओळखून बसली होती.

मारिनोस कॉफी घेऊन आला. तिनं कागदाकडे बघितलंच नाही, असं दोघांनीही मानलं.

"पेन आहे?" ती म्हणाली.

"सही मुलीची झालीय, काकू. तुमची लागत नाही."

"लागते." तिनं त्या सूचनेखाली आपलं नाव लिहिलं, सावकाश, शाळेत शिकवलं होतं तसं. "मी येऊन काही म्हणाले, तर मला ही सही दाखवा. आणि चर्चमध्ये ते अत्तर लावून यायचं नाही. धूप असतो तिथं."

"नाही लावणार."

निघताना तिनं बशीतली चिक्की उचलून कागदात गुंडाळली.

संध्याकाळी रोदान्थी घरी आली तेव्हा दिव्यात नवं तेल होतं आणि आई पालेभाजी निवडत बसली होती.

"ठरलं का काही?" लेकीनं पर्स ठेवता ठेवता विचारलं, जरा जास्तच सहज.

"ठरलं. मारिनोस."

"खरंच? आवडला तुला?"

"लबाड माणूस आहे. पोटात फार ठेवतो." गारिफालियानं भाजीची एक काडी बाजूला टाकली. "चर्चच्या अंगणात खुर्चीवर बसवून काढतात ना एक फोटो, बोगनवेलीपाशी?"

रोदान्थी सावध झाली. "हो. का?"

"मी मागे नाही उभी राहणार. मागे उभं राहिलं की माणूस झाकलं जातं. मला शेजारी खुर्ची सांग."

रोदान्थीनं आईकडे बघितलं. काय कळलंय, किती कळलंय, तिला अंदाज येईना. मग ती येऊन बाकावर बसली आणि तिनं भाजीची अर्धी जुडी आपल्याकडे ओढली.

"सांगते," ती म्हणाली. "दोन खुर्च्या."